उजव्या चाकाचा कल

६ फेब्रुवारी

आज सकाळी शेडवर गेले तर माझ्या चौकोनांवर बाईसाहेब उताण्या पडलेल्या. पाय बाहेर, डोकं गाडीखाली.

चौकोन म्हणजे शेडच्या मागच्या कोपऱ्यात पिवळ्या रंगानं आखलेले चार. बाबांनी फरशी घासून, पाणसळ लावून ते एका पातळीत आणले होते. गाडीची चारही चाकं त्यांच्यावर नीट उभी राहिली की मगच पुढच्या चाकांची मापं घ्यायची, नाहीतर त्या मापांना काही अर्थ नाही. बाबांनंतर तिथं गुडघे टेकले ते फक्त मी. काका बाबांचे भागीदार, शेडमधलं सगळं वेल्डिंग त्यांचं, पण तेसुद्धा चौकोनांना वळसा घालून जातात.

आणि बाईसाहेब म्हणजे माझी भावजय, बारक्याची बायको. बारक्या माझा धाकटा भाऊ. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, शर्यतीची गाडी चालवतो, पण नाव तेच राहिलं. लग्नाला वर्ष झालं नाही आणि या बाईनं घर सोडून शेडच ताब्यात घ्यायला काढली आहे.

“ताई,” गाडीखालून आवाज आला, “उजव्या चाकाचा कॅस्टर जरा जास्त नाही वाटत तुम्हाला?”

“नाही वाटत.”

“नाही, म्हणजे स्टेअरिंग फार जड होत असेल ना.”

“गाडी चालवायची आहे, पाळणा हलवायचा नाहीये.”

काका तिकडे हसले. ती नाही हसली.

लग्नाआधी ती टायरच्या दुकानात चाकांची मापं लावायची. रस्त्यावरच्या गाड्यांची. त्या गाड्या डावीकडेही वळतात आणि उजवीकडेही. आमचा ट्रॅक मातीचा, लांबट गोल, आणि तिथं सगळी वळणं डावीकडे. म्हणून आमच्या गाडीची पुढची दोन्ही चाकं वरून डावीकडे झुकवलेली असतात. नवखा माणूस बघून म्हणतो, गाडी कुठं आपटली काय? कॅस्टरचंही तसंच. चाक ज्या आसाभोवती वळतं, तो आस वरून थोडा मागे कललेला असतो. त्या कलाला कॅस्टर म्हणायचं. कल जास्त असला की गाडी सरळ धावताना ठाम राहते आणि स्टेअरिंग आपलं आपण मध्ये येतं. बदल्यात फिरवायला जोर लागतो. बारक्याच्या अंगात तो जोर आहे. त्याच्या खांद्यांकडे बघूनच तो आकडा मी ठरवला आहे.

हे सगळं तिला समजावून सांगितलं. ती “हो ताई, हो ताई” करत राहिली आणि ऐकलं काहीच नाही.

९ फेब्रुवारी

मापं घेताना ड्रायव्हर गाडीत बसलेला लागतो. त्याच्या वजनानं गाडी खाली दबते आणि आकडे बदलतात. तेव्हा बारक्या आत, मी समोर गुडघ्यांवर. मी बोट दाखवलं की तो स्टेअरिंग फिरवतो, मूठ दाखवली की थांबतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय, आम्हाला बोलावं लागत नाही.

आज मी बोट दाखवलं आणि तो तिच्याकडे बघत होता.

“ताई, कल थोडा कमी करून बघू या ना,” म्हणाला.

“तिनं सांगितलं म्हणून?”

“मलाही वाटतं तसं.”

“तुला कधीपासून वाटायला लागलं?”

तो नुसता हसला. स्टेअरिंग डाव्या हातानं फिरवत होता, उजवा हात मांडीवर ठेवून, राजेसाहेब असल्यासारखा. लग्न झाल्यापासून असला ऐटबाजपणा फार वाढलाय. मी म्हटलं, दोन्ही हात वर. त्यानं उजवा हात स्टेअरिंगवर ठेवला, पण फिरवलं डाव्यानंच.

शेवटी कल कमी केला. तिनं केला. मी पाने हातात दिले, एवढंच माझं काम. चाकाला वरून धरणारा दांडा म्हणजे वरचा आर्म, त्याच्या बोल्टांखाली पातळ लोखंडी चकत्या असतात. त्या पुढच्या बोल्टाखालून काढून मागच्याखाली किंवा उलट घातल्या की कल बदलतो. हात साफ आहे तिचा, हे कबूल करायला मला कष्ट पडतात म्हणूनच इथं लिहून ठेवते. चकत्या बदलल्या की चाकांची तोंडंही थोडी सरकतात, आणि ते न सांगता तिनं पुन्हा मोजलं. मला वाटलं होतं विसरेल. मी वाटच बघत होते.

१५ फेब्रुवारी

सराव. बारक्या गाडीतून उतरला तो चक्क शीळ घालत. “लोण्यासारखं फिरतंय!” हे तिला. मला म्हणाला, “ताई, पाणी आहे का?”

मी बघत होते. सरळ भागात गाडी भटकत होती, नाक इकडे तिकडे करत होती. त्याला सारखं सावरावं लागत होतं. फार नाही, पण होत होतं. माझ्या आकड्यावर हे कधी झालं नसतं. बोलले तर काका म्हणाले, “अगं, वेळ तर चांगली आलीय.” काकांनाही तिनं खिशात घातलंय. त्यांच्या चष्म्याची दांडी जोडून दिली परवा.

आणि हेल्मेट. हेल्मेटचा पट्टा आता ती बांधते. तीस वर्षांचा घोडा हनुवटी वर करून उभा राहतो आणि बाईसाहेब समोर उभं राहून हळूहळू पट्टा ओढतात. सगळ्या ट्रॅकसमोर. बाजूच्या गाडीवाले बघून गालात हसत होते. मला शरम वाटली. शरम म्हणण्यापेक्षा, खरं सांगायचं तर, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी परतताना दुचाकीवर ती पुढे, हे महाशय मागे. कोणे एके काळी त्याच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचा.

१८ फेब्रुवारी

त्यांच्याकडे जेवायला गेले होते. घरभर बामाचा वास. विचारलं, कुणाचं डोकं दुखतंय? दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ती म्हणाली, “माझं, ताई.” नाजूक प्रकृती. शेडमध्ये लोखंड उचलताना बरं नाही दुखत.

भाजीचं पातेलं उतरवायला बारक्या उठला, तर तिनं त्याला खाली बसवलं आणि स्वतः उतरवलं. इतकी काळजी! मी एवढ्या वर्षांत त्याचं काही बिघडू दिलं नाही. ताप आला तेव्हा उशाशी मी, पहिली शर्यत हरला तेव्हा शेजारी मी. हे असं लिहिताना मला माझाच राग येतो, पण लिहिल्याशिवाय झोपही येत नाही. होय, माझ्या पोटात दुखतंय. वहीला कशाला फसवू?

२२ फेब्रुवारी

आज ती चहा घेऊन आली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

“ताई, एक विचारू? चाक खड्ड्यात खाली-वर झालं की आपोआप किंचित वळतं, ते तुम्ही कसं घालवता? दुकानात आम्हाला ते बघावंच लागायचं नाही. मला शिकवाल?”

तिला शिकवायचं म्हणजे बाबांनी मला ज्या रीतीनं शिकवलं तसं. स्प्रिंग काढून ठेवायची, चाक हातानं वर उचलायचं, खाली सोडायचं, दर वेळी मोजायचं, आणि स्टेअरिंगच्या दांड्याचं टोक हळूहळू वर-खाली करत बसायचं. एक अख्खा दिवस लागतो. त्या दिवसाच्या शेवटी बाबांनी मला आइस्क्रीम दिलं होतं.

मी म्हटलं, “ते अनुभवानं येतं.”

ती कप उचलून गेली. माझा कप अर्धाच झाला होता, तोही घेऊन गेली.

१ मार्च

बारक्या अंतिम शर्यतीत पोचला. शर्यत सहा तारखेला. पहिल्या तिघांत आला तर पुढच्या वर्षी मोठ्या गटात चालवणार. बाबांना जे जमलं नाही ते. दिवसभर शेडमध्ये नुसता गोंगाट, येणारा-जाणारा पाठ थोपटतोय. एकानं उजव्या खांद्यावर जोरात थाप मारली तेव्हा बारक्याचा चेहरा पांढरा पडला. म्हटलं, काय रे? म्हणाला, जीभ चावली.

सगळे अभिनंदन करताना तिला सांगत होते, “वहिनी, काय गाडी लावलीय!” बारक्या शेजारी उभा होता. त्यानं एकदाही म्हटलं नाही की बाकीचं सगळं ताईनं लावलंय. चाकांचा झुकाव माझा. दांड्यांची लांबी माझी. आकड्यांपैकी फक्त एक तिचा, आणि गाडी तिची झाली.

५ मार्च

ट्रॅक बघून आले. वळणातून बाहेर पडताना लागणारी माती उकरली गेलीय, उद्या शर्यतीच्या वेळेपर्यंत तिथं खड्डे पडणार. अशा मातीवर गाडी ठाम हवी. लोण्यासारखी नको. कमी कलावर ती खड्ड्याखड्ड्याला नाक फिरवेल.

हे मी बारक्याला सांगितलं. तो म्हणाला, “असू दे, ताई. हलकंच बरं आहे मला.”

“मला बरं आहे” म्हणजे काय? गाडीला काय बरं आहे ते बघायचं असतं. पण बोलून उपयोग नव्हता, ती मागे उभी होती.

उद्या पहाटे शेडवर जाणार आहे. एकटीच. मी हे गाडीसाठी करतेय. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं, आणि ते खोटं नाही. पूर्ण खरंही नसेल. पण उद्या तो माझ्या आकड्यावर जिंकला की मग मी सांगणार आहे, सगळ्यांसमोर, हसत हसत. तिचं तोंड बघायचंय मला.

६ मार्च, सकाळ

झालं. बारक्याच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या आसनावर ठेवल्या, चकत्या फिरवल्या, कल मूळच्या आकड्यावर आणला. झुकाव पुन्हा मोजला, चाकांची तोंडं पुन्हा मोजली. सगळं केसाइतकंही हललेलं नाही. कित्येक महिन्यांत इतकं देखणं काम माझ्या हातून झालं नव्हतं. गोण्या परत ठेवल्या, फरशी झाडली.

गाडी निघताना ती मापपट्टी घेऊन आली.

मी म्हटलं, “मी बघितलंय सकाळीच.”

“तुम्ही बघितलंत ना? मग झालं,” म्हणाली आणि पट्टी ठेवून दिली.

६ मार्च, संध्याकाळ

दवाखान्यात आहे. बारक्या जिवंत आहे, शुद्धीत आहे. नंतर लिहीन.

७ मार्च

आता लिहिते.

सुरुवात झकास झाली. गाडी सरळ भागात दगडासारखी ठाम होती, मी काकांचा हात दाबत होते. बारक्या पाचव्यावरून तिसऱ्यावर आला. मग त्या उकरलेल्या जागी पुढचं उजवं चाक खड्ड्यात गेलं. मागची बाजू बाहेर सरकली. अशा वेळी स्टेअरिंग उलट्या बाजूला झटकन फिरवायचं असतं, त्यानं हजारदा फिरवलंय. या वेळी फिरलं नाही. सुरू झालं आणि मध्येच थांबलं. गाडी तशीच घसरत बाहेरच्या बाजूला गेली आणि नाक भिंतीवर.

मी धावले तेव्हा ती माझ्या पुढे होती. तिनं आत डोकं घालून पहिला प्रश्न विचारला तो असा: “खांदा?”

डोकं नाही, मान नाही. खांदा.

डॉक्टर म्हणाले, खांदा निखळलाय, पण आतला स्नायू आधीपासून फाटलेला होता. निदान दोन-तीन महिने दुखत असणार. “घरच्यांच्या लक्षात कसं आलं नाही?” असं माझ्याकडे बघून विचारलं. मला. तिच्याकडे बघून नाही, कारण तिच्याजवळ खांद्याचे आधीचे एक्स-रे, गोळ्यांची पाकिटं, सगळं होतं. तिनं ते पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

म्हणजे तिला माहीत होतं. दोन महिने माहीत होतं. डावा हात, बाम, पट्टा, पातेलं. हलकं स्टेअरिंग. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसली ती फक्त ती.

आणि एवढं कळूनही पहिला विचार काय आला सांगू? त्यानं तिला सांगितलं, मला नाही.

८ मार्च

गाडी शेडवर आणली. उजवं चाक दुमडलंय, पण वरचा आर्म जागेवर आहे. बोल्ट जागेवर, चकत्या जागेवर. काका डोकं धरून बसले होते. “स्टेअरिंग असं कसं अडलं? सरावात तर फुलासारखं फिरत होतं.”

भावजय वाकली. बोल्टांखाली बोट घालून चकत्या चाचपल्या, आधी पुढच्या, मग मागच्या. पुन्हा पुढच्या. मी चार पावलांवर उभी होते. 

ती उभी राहिली, फडक्याला हात पुसले, माझ्याकडे बघितलं. 

मग काकांना म्हणाली, “माझं चुकलं, काका. आदल्या दिवशी मीच कल वाढवला. खड्डे बघून वाटलं, ठाम हवी.”

काका नुसते उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. ते तिच्याशी दिवसभर बोलले नाहीत. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं, पण त्यातून काही बाहेर आलं नाही.

घरी येऊन विचार करतेय की तिनं असं का केलं. मला वाचवायला? मला तिनं वाचवावं हे मला सहन होत नाही. मोठेपणासुद्धा तिनंच घेतला. माझ्यासाठी तोही शिल्लक ठेवला नाही.

११ मार्च

काल ऑपरेशन झालं. आज बारक्याला भेटायला गेले. ती बाहेर बाकावर बसली होती, मला म्हणाली, “तुम्ही जा आत, ताई. मी नंतर येते.” आवाजात ना राग, ना काही.

बारक्याचा उजवा हात छातीला बांधलेला. वर्षभर तरी गाडी नाही, आणि पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. मी खुर्ची ओढून बसले. पाणी हवं का, उशी नीट करू का, असलं काहीबाही विचारलं.

“ती म्हणते, तिनं कल वाढवला,” तो म्हणाला.

मी त्याच्या उशीचा अभ्रा ओढून सरळ केला.

“तिला वाटतं, मला खरं वाटलं ते. ताई, मी वॉर्मअपला बाहेर पडलो ना, पहिल्या वळणातच कळलं. आठ वर्षं तुझ्या मापावर चालवतोय. दुसऱ्या कुणाचं माप असतं तर मला कळलं नसतं का?”

“मग आत का नाही आलास?” मी ओरडलेच. “शर्यत अजून सुरू व्हायची होती! हात वर करायचा होतास, आत यायचं होतं! खांद्याचं मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू मला गाडीत बसू दिलं नसतंस. म्हणून हिला शपथ घातली, ताईला कळता कामा नये.” तो थांबला. बोलताना त्याला खांद्यात कळ येत होती. “आणि आत कसा येणार? मला वाटलं, ताईनं रातोरात फिरवलंय म्हणजे ट्रॅकवर काहीतरी बघूनच फिरवलं असणार. मला न सांगता फिरवलंय म्हणजे तर नक्कीच. म्हटलं, तेवढा वेळ खांदा ओढून धरू. ताई उगाच नाही करायची.”

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं.

“काय दिसलं होतं गं तुला?” त्यानं विचारलं. रागानं नाही. गाडीबद्दल तो मला नेहमी जसं विचारतो, तसंच. पुढच्या वेळी कामाला येईल म्हणून.

खड्डे सांगता आले असते. खड्डे खरेच होते. तो ऐकून घेणार होता, विश्वासही ठेवणार होता.

“तुझी बायको दिसली,” मी म्हटलं.

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं माझ्याकडून तोंड फिरवलं आणि छताकडे बघितलं.

“तिला आत पाठव,” म्हणाला.

मी उठले आणि दार उघडून तिला हाक मारली.